जास्त नंबरांचा रणगाडा

"नंबर तो लग गया था ना, भाभीजी. भिया ने खुद ही मना कर दिया." टेकचंदजी एवढं बोलले आणि खोक्यावरची धूळ फडक्याने पुसत राहिले. सुनंदाच्या हातात दुसरं खोकं होतं, ते तसंच हातात राहिलं. बाहेर इंदूरच्या पलासिया चौकात हॉर्नचा असा कालवा चालला होता की आपण भलतंच काहीतरी ऐकलं असं मानायला भरपूर वाव होता, आणि तिने तो वाव घेऊन पाहिला. "कौन-सा नंबर?" तिने हसतच विचारलं. हसू आधीच्या बोलण्याचं होतं, तोंडावर शिल्लक राहिलेलं. "अरे वही, पीथमपुर का, गाड़ियों के कारखाने का. मैंने एक दिन पूछ लिया, भिया, हाथ में इतना हुनर, मिल के बाद कहीं लगे नहीं? बोले, लगा था नंबर, साहब ने बुलाया था. बोले, जॉबर था मैं, अब छोकरों के नीचे हेल्पर बनूँ क्या?" टेकचंदजींनी फडकं खांद्यावर टाकलं. "मैंने कहा, सही बात है. आदमी की इज्जत होती है. तो बोलो, कौन-सा दूँ?"

टेकचंदजींच्या खेळण्यांच्या दुकानात काउंटरवर जोडायच्या रणगाड्यांची तीन खोकी मांडलेली होती आणि तिन्हींवर एकेक रणगाडा धूळ उडवत सुनंदाच्या अंगावर येत होता. परवा तिच्या नवऱ्याचा, टेकचंदजींच्या या भियाचा, लक्ष्मणचा वाढदिवस होता. गेला महिनाभर तो या तिघांतला कुठला घ्यावा या विवंचनेत होता. जेवताना तेच, दात घासताना तेच, लाइट गेल्यावर अंधारात आढ्याकडे बघत तेच. दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे त्याचे बनवून झाले होते, कपाटावर ओळीने उभे होते. आता त्याला आजकालचा हवा होता. रशियन टी-बहात्तर की जर्मन लेपर्ड की अमेरिकन एब्रॅम्स. सुनंदाला पाहायला तिच्या माहेरी महूला आला तेव्हा त्याने इतका विचार केला नव्हता. पोहे खाल्ले, पाणी प्यायला आणि हो म्हणाला. टी-बहात्तर आपल्या फौजेत आहे, बुटका आणि गोल डोक्याचा, तो बनवला तर मरताना बाबांना बरं वाटलं असतं, असं तो म्हणायचा. बाबा म्हणजे आनंदराव, पलटणीतून निवृत्त झालेले त्याचे वडील, आणि ते मरून कितीतरी वर्षं झाली होती. लेपर्डचं तोंड तासून काढल्यासारखं सरळ, आणि त्याचा पट्टा एकेक कडी जोडून बनवायचा. ते काम बघायलाच त्याचे हात शिवशिवायचे. एब्रॅम्सवर मात्र त्याचा राग होता. मिल बंद व्हायच्या वर्षी शेजारी नवीन केबल आली होती आणि आखाती युद्ध रोज घरात बसून दिसायचं. त्याच पडद्यावर त्याने तो पहिल्यांदा पाहिला होता. "साला, हा आला आणि आपलं सगळं गेलं," असं तो म्हणायचा. त्यात रणगाड्याचा काय दोष, हे सुनंदाने कधी विचारलं नाही. हे सगळं ती ऐकत आली होती आणि एवढं ऐकल्यावर आपल्या माणसाच्या मनात काय आहे हे आपल्याला कळणारच, असं तिला वाटलं होतं. म्हणून आज दवाखान्यातून जरा लवकर निघून, त्याला न सांगता, ती जन्मात पहिल्यांदा या दुकानाची पायरी चढली होती. टेकचंदजींनी ओळख विचारली, तिने सांगितली, आणि ते इतके खूश झाले की मग बोलतच सुटले.

हा नाद त्याला लावला तो तिनेच. मिल बंद पडून दुसरं वर्ष लागलं होतं. भोंगा थांबला होता आणि परदेशीपुऱ्याच्या मिलवस्तीतल्या माणसांना सकाळ कशी सुरू करायची ते कळत नव्हतं. माणसं अंगणात दाढी करत बसायची, आणि झाली की पुन्हा साबण लावायची. सुनंदाने तेव्हा पलासियातल्या दातांच्या दवाखान्यात काम धरलं होतं, बाहेरच्या टेबलाशी बसून येणाऱ्यांना नंबर द्यायचं. डॉक्टरांचा मुलगा शिकायला परदेशी गेला आणि बाईंनी त्याची खोली आवरताना एक अर्धवट राहिलेला रणगाडा खोक्यासकट फेकायला काढला. सुनंदाने तो मागून घेतला. का घेतला, तर नवऱ्याचे हात. लक्ष्मण झोपेत हात हलवायचा. मागावर तुटलेला धागा पकडून गाठ मारायची ती बोटांची हालचाल, रात्रभर, चादरीवर. तिला ते बघवायचं नाही. खोकं उघडून त्याने आधी नुसतं बघितलं. कागदावरची अक्षरं परकी होती, पण चित्रं होती आणि नंबर होते. प्लॅस्टिकच्या चौकटीत सगळे भाग अडकवलेले, प्रत्येकाशेजारी बारीक नंबर. तो शोधायचा, भाग कापायचा, घासायचा, गोंद लावून जागच्या जागी बसवायचा. ती स्वयंपाकघरात होती आणि आतून त्याची आरोळी आली, "सुनंदा, नंबर लागला!" पोळी तव्यावर टाकून ती धावत गेली. तिला वाटलं होतं, नोकरीचा. त्याच्या चिमटीत एक चाक होतं, वाटाण्यापेक्षा जरा मोठं. दोघं इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि पोळी जळाली ती जळालीच. त्या दिवसापासून घरात ते बोलणंच पडलं. सत्तावीस लागला. नळीचा नंबर लागला. ती कामावरून आली की चपला काढता काढता विचारायची, आज किती नंबर लागले, आणि तो सांगायचा. एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं, असं ती समजत होती.

"भाभीजी, ये वाला बच्चे लोग बहुत ले जाते. कारगिल के बाद तो डिमांड ही डिमांड," टेकचंदजी म्हणाले आणि टी-बहात्तर पुढे सरकवला. सुनंदाने खोकं उलटं करून मागची चित्रं पाहिली. चित्रांकडे बघत राहिलं की तोंडाकडे कोणी बघत नाही. नंबर हा शब्द लक्ष्मणने मिलमधून आणला होता आणि मिलमध्ये तो पहिल्यांदा गेला तो बदली म्हणून. बदली म्हणजे कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी. पहाटे फाटकाशी उभं राहायचं. आतून मुकादम यायचा आणि बोट दाखवायचा, तू, तू आणि तू. ज्याच्याकडे बोट गेलं त्याचा नंबर लागला. उरलेल्यांनी डबा घेऊन घरी. लग्नाआधीच्या त्या दिवसांची गोष्ट लक्ष्मण तिला मोठ्या रंगाने सांगायचा, डबा लपवत गल्लीने कसा यायचो, आई दारातच डबा हातात घेऊन वजनावरून कशी ओळखायची. मग तो कायम झाला, आणि झाला तोही विणकामाच्या खात्यात. ही गोष्ट वस्तीत लहान नव्हती. धोट्यात नवी बॉबिन घातली की भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यावा लागायचा, आणि म्हणून पूर्वी त्या खात्यात त्यांच्या जातीच्या माणसांना उभं करत नसत. एकाचं तोंड लागलेलं दुसऱ्याला चालत नसे. लक्ष्मण तिथे गेला, टिकला आणि जॉबर झाला, चार माणसांना सांगणारा. ज्यांनी आधी धोटा धुऊन घेतला होता ते पुढे त्याला लक्ष्मणजी म्हणू लागले. हे सगळं सुनंदाला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं असं त्याच्या आयुष्यात काय होतं? तिला त्याच्या बोटावरचे जुने व्रण माहीत होते, कुठल्या मागाने कुठला दिला तेसुद्धा. हेल्पर व्हायचं नाही, हे तिला सांगायला त्याला काय झालं होतं? तिनेच म्हटलं असतं, नका जाऊ. कदाचित रडून म्हटलं असतं, पण म्हटलं असतं. तिला राग त्याच्या नाही म्हणण्याचा आलाच नव्हता. राग होता तो या माणसाने ती गोष्ट खेळण्यांच्या दुकानात सांगितली आणि घरात नाही सांगितली, याचा.

पीथमपूरची ती नोकरी तिच्या धाकट्या भावाने पाहिली होती. संघदीप तिथल्या कारखान्यात स्टोअरला होता; महूहून रोज जायचा. सुनंदा स्वतः महूला गेली होती त्याला सांगायला. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाकडे काही मागायचं म्हणजे जीभ जड होते, तशी तिची झाली होती, आणि ती उगाच त्याच्या पोरांच्या अभ्यासाचं विचारत बसली होती. शेवटी संघदीपच म्हणाला, "ताई, भाऊजींचं बघतो मी. टेंशन नको घेऊ. साहेब आपले महाराष्ट्राचे आहेत, पुण्याचे, ऐकतात माझं." मग वाट पाहणं सुरू झालं. पावसाळा सरला. एका संध्याकाळी ती दवाखान्यातून आली तर लक्ष्मण ओट्यावर बसलेला होता, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, आणि म्हणाला, "पीथमपूरचा माझा नंबर नाही लागला." एवढंच. तिला आठवतं, त्याने तिच्याकडे बघितलं नव्हतं आणि तिला त्यामुळेच गलबलून आलं होतं. बिचाऱ्याला लाज वाटते आहे, असं तिला वाटलं होतं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. आता टेकचंदजींच्या दुकानात उभ्या उभ्या तिच्या तळहाताला तो धुतलेला शर्ट लागला, इस्त्रीचा, उबदार. इस्त्री कशाला केली होती? त्या दिवशी तो साहेबांना भेटून आला होता, दुसरं काय. आणि ती त्याची पाठ थोपटत बसली होती.

आणि मग तिने जे केलं ते केलं. दर वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीला, ती माहेरी महूला जायची. सगळा मुलूख त्या दिवशी महूला लोटतो. तिच्या भावाच्या अंगणात ओळखीचा, अनोळखी जो येईल तो खीर पिऊन जायचा, ही त्यांच्या घरची पद्धत. त्या वर्षी ती गेली, आणि खिरीच्या पातेल्याशी उभ्या असलेल्या भावाला तिने सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब तुझं ऐकतात ना रे? मग भाऊजींचंच बरं नाही ऐकलं? की तू तोंडच नाही उघडलंस?" संघदीपच्या हातात पळी होती. तो म्हणाला, "ताई, आत चल नं." ती आत गेली नाही. मोठा झाला तू, तुला बदलीवाला मेहुणा कशाला हवा, तुझ्या घरचं पाणी मला हराम आहे, असं बरंच ती बोलली. बोलताना तिला हलकं वाटत होतं, हेही तिला आठवतं. लक्ष्मण तिथेच उभा होता, हातात खिरीची वाटी. त्याने तिला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना सुनंदा, तमाशा नको." किती समजूतदार आहे आपला नवरा, असं तिला तेव्हा वाटलं. संघदीपने एकदा लक्ष्मणकडे पाहिलं आणि मग पातेल्यात पाहत राहिला. तिने त्याचा अर्थ असा लावला होता की याच्याकडे बोलायला तोंडच नाही.

त्यांच्या मुलीच्या, मानसीच्या लग्नात मामा नव्हता. नागपूरची, मुलाकडची माणसं विचारत होती, मुलीचे मामा कुठे दिसत नाहीत, आणि सुनंदा ताठ मानेने सांगत होती की त्यांचं यायचं जमलं नाही. त्याने कोणाहाती साडी पाठवली होती, मोतिया रंगाची, पोरीला शोभली असती. सुनंदाने ती परत पाठवली. नेऊन द्यायला लक्ष्मणच गेला महूला, आपणहून. "मी देऊन येतो, तू नको त्रास घेऊ," म्हणाला. दिवसभर तिकडे राहून जेवून आला. भाऊ काय म्हणाला म्हणून तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. ती साडी परत घेताना संघदीपचा चेहरा कसा झाला असेल हे तिने कितीदा डोळ्यांपुढे आणून पाहिलं होतं, आणि खोटं कशाला, तिला त्यात थोडं बरंही वाटलं होतं. आता मात्र तो चेहरा तिच्यापुढे आला तो लहानपणचा. शाळेतून येताना पाटी फुटली म्हणून तिने त्याला फटका मारला होता आणि पाटी दुसऱ्याच पोराने फोडली हे त्याने दोन दिवसांनी सांगितलं होतं. बिचाऱ्याला काही माहीतच नसणार, ती मनाशी म्हणाली. त्याने शब्द टाकला, साहेबांनी परस्पर बोलावलं, यांनी परस्पर नाही म्हणून सांगितलं. संघदीपला वाटलं असेल, साहेबांनीच आपलं ऐकलं नाही. तो काय बोलणार होता आपल्यापुढे? ही मांडणी तिने दोनदा मनातल्या मनात करून पाहिली आणि ती नीट बसली. भावाने आणि तिने, दोघांनीही मार खाल्ला होता आणि तो दोघांनाही घरातूनच बसला होता.

"भाभीजी?" टेकचंदजींनी विचारलं. त्यांना वाटलं असणार, बाईमाणूस, गोंधळली. काही न घेता निघून जावं असं तिला वाटलं. पण निघून गेलं तर घरी जाऊन सरळ विचारावं लागलं असतं, आणि सरळ विचारायला लागतं ते बळ आपल्याजवळ आहे की नाही याची तिला खात्री वाटेना. हातात काहीतरी असलेलं बरं. टी-बहात्तर तिने बाजूला सारला. आनंदरावांना बरं वाटलं असतं म्हणे. पलटणीत जन्म घालवलेल्या त्या म्हाताऱ्याला खोटं बोलणारा माणूस दारात चालत नसे. एब्रॅम्सवर तिने हात ठेवला. हाच न्यावा, ज्याला तो साला म्हणतो तोच, आणि म्हणावं, घ्या, तुमचं सगळं ज्याने नेलं तो. पण तिचा तो स्वभाव नव्हता. असलं काही मनात आलं की तिचं तिलाच ओशाळं व्हायचं. ती म्हणाली, "टेकचंदजी, जिस में सब से ज्यादा नंबर हैं, वो दे दो." टेकचंदजी मनापासून हसले. "वाह! भिया को आप ही समझती हो. तो फिर लेपर्ड. एक-एक कड़ी का नंबर है इस में. भिया का टाइम ऐसा कटेगा ऐसा कटेगा, बस." टाइम कटेगा. सुनंदाने खोकं छातीशी धरलं आणि ती पायऱ्या उतरली.

टेम्पोत मधल्या जागी तिला दोन्हीकडून दाबून बसवलं होतं आणि मांडीवर खोकं होतं. आतले भाग खळखळ वाजत होते. रस्त्यात नव्या इमारती, कोचिंगच्या पाट्या, काचेमागे मोटारसायकली, सगळं इंदूर घाईने कुठेतरी निघालेलं. इतकी वर्षं ती या गर्दीतून दिवसाला दोनदा जात होती. सकाळी दवाखाना, संध्याकाळी कोचिंगवाल्यांच्या टेबलावर आणखी नंबर देणं, आणि दमून येताना मनात एक गोष्ट धरून असायची: आपल्या माणसाला कोणी बोलावलं नाही, जगाने त्याला फाटकातून परत पाठवलं, पण आपण आहोत. त्या गोष्टीने तिला बळ दिलं होतं. पाय दुखायचे, पण त्या दुखण्याला काही अर्थ होता. तिला त्याची दया यायची आणि दयेवरच तिने त्याच्यावर प्रेम केलं होतं, हे आता तिला टेम्पोच्या धुरात लख्ख दिसलं. आणि तो ती दया रोज घेत होता, चहासारखी, कप पुढे करून. कधी त्याच्या घशाशी आली नाही का ती? खोकं आपण आणलं आणि त्याने नोकरी नाकारली, मधे एकच पावसाळा होता. आपण ते पहिलं खोकं उचललंच नसतं तर? शेजारची बाई म्हणाली, "जरा सरकता का, हे माझ्या बरगडीत लागतंय." सुनंदा सरकली आणि तिने खोकं उभं धरलं.

घरी लक्ष्मण खिडकीपाशी टेबलावर होता. चष्म्यावर भिंग लावलेलं, बोटांना राखाडी रंग. कुठल्याशा जुन्या रणगाड्याच्या पट्ट्यावर तो चिखल रंगवत होता, इतक्या मायेने की बघणाऱ्याला त्या चिखलाचा हेवा वाटावा. "आज लवकर?" त्याने विचारलं. तिने खोकं त्याच्यापुढे ठेवलं. "परवाचं आजच," ती म्हणाली. त्याने भिंग वर केलं, खोक्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे. या वयात एवढा आनंद कोणाला होतो? "अरे वा! लेपर्ड! तू गेली होतीस टेकचंदकडे? कसं काय कळलं तुला, मी कालच मनात पक्कं केलं होतं, लेपर्डच." तो खोक्याच्या कडेची चिकटपट्टी नखाने काढू लागला. "बघ, बघ, कड्या बघ. हे बघ किती नंबर आहेत. दिवाळीपर्यंत पुरेल." एकेक चौकट तो उजेडाकडे धरून बघत होता. ती उभीच होती. पर्स अजून खांद्याला होती. आपला आवाज कसा निघेल याची तिला कल्पना नव्हती. निघाला तो अगदी साधा निघाला, दवाखान्यात विचारावं तसा.

"अहो, पीथमपूरला तुमचा नंबर लागला होता?"

चौकट उजेडाकडे धरलेली तशीच राहिली. खिडकीतून पलीकडच्या गल्लीतली पोरं ओरडत होती. लक्ष्मणने चौकट सावकाश खाली ठेवली, आधी कापड सारखं करून. वर न बघता तो म्हणाला, "संघदीपने सांगितलं?"

सुनंदाला प्रश्न कळायला वेळ लागला. मग कळला. संघदीप पळी घेऊन उभा होता आणि म्हणत होता, ताई, आत चल नं. सगळं अंगण ऐकत होतं आणि त्याला माहीत होतं. साडी परत आली तेव्हा माहीत होतं. हा त्याच्याकडे जेवून आला, समोरासमोर बसून, आणि दोघांनाही माहीत होतं.

"शब्द दिला होता त्याने मला," लक्ष्मण म्हणाला. त्याच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं, आपला विश्वासघात झाल्याचं. "पाय धरले होते मी त्याचे, मतलब, खरंच धरले होते. म्हटलं, तुझ्या ताईला कळू नको देऊ, तिच्या नजरेतून उतरेन मी. हो म्हणाला होता. इतकी वर्षं राहिला आणि आता बोलला? माणसाने शब्द तरी पाळावा."

"पाळला त्याने," सुनंदा म्हणाली. "त्याने नाही सांगितलं."

लक्ष्मणने वर पाहिलं. त्याच्या खांद्यांतून काहीतरी सुटलं, त्याने श्वास सोडला, आणि त्याला बरं वाटलं हे तिला अगदी स्पष्ट दिसलं. आपल्या मेहुण्याने दगा दिला नाही, याचं त्याला बरं वाटलं होतं. "मग ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "मी म्हणतच होतो, तो तसा नाही."

एवढं तिला सोसवलं नाही. ती दाराकडे वळली आणि चपला पायांत होत्याच. मागून त्याने विचारलं, कुठे चाललीस, आणि ती म्हणाली, महूला. ओट्यावरून उतरताना तिला भावाचं दार दिसत होतं, त्या दारात आपण उभ्या, आणि तो विचारतो आहे, काय झालं ताई. त्याला काय सांगायचं, हे ती बस येईपर्यंत शोधत राहिली. त्याच्या घरचं पाणी तिने हराम केलं होतं, आणि आता तिला तहान लागली होती.